गाऱ्हाणे सांगायचे की घालायचे?

म्हापशाच्या एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांच्या शपथविधीच्या सुरुवातीला पाद्री रिक वॉरन यांनी जी प्रार्थना म्हटली, तिला त्यांनी 'गाऱ्हाणे' लिहिले. पुण्याच्या संपादकांनी ते खोडून 'मंगलाचरण' केले. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, असे त्यांचे म्हणणे.

ताई, तुमचाच शब्द ठेवा, फक्त क्रियापद सांभाळा. गाऱ्हाणे सांगतात किंवा मांडतात तेव्हा ती तक्रारच. संस्कृत 'गर्हण', म्हणजे दोष देणे, त्याच्याशी हा शब्द जोडतात. पण आमच्या पेडण्यात आणि पुढे सिंधुदुर्गात गाऱ्हाणे 'घालतात', तेव्हा ते देवाकडचे मागणे होते. देवळाच्या चौकात घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, नारळ हातात धरून उभा राहतो. "बा देवा म्हाराजा" अशी हाक घालतो, गावच्या देवतांची नावे एकेक करून घेतो आणि मग कोणाचे काय मागणे आहे ते सांगतो. दर वाक्यामागे जमलेली मंडळी म्हणतात, "व्हय म्हाराजा!" उशिरा आलेला माणूस चपला काढता काढताच व्हय म्हणतो. काय मागितले ते त्याने ऐकलेलेही नसते.

मंगलाचरण असते ग्रंथाच्या आरंभी. त्याला वाचकाने होकार द्यावा लागत नाही. गाऱ्हाणे मात्र होकारावाचून पुरे होत नाही. आमचे ख्रिस्ती शेजारी खुरसाकडच्या, म्हणजे क्रुसाजवळच्या, प्रार्थनेला 'आमेन' म्हणतात. हा शब्द मूळ हिब्रू, अर्थ 'तसेच होवो'.

वॉरन यांच्यावरून झालेला वादही या होकाराचाच. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांवर बंदी आणणारा 'प्रस्ताव ८' मतदानाने संमत झाला. वॉरन यांचा त्याला पाठिंबा होता. ज्यांचे लग्न त्यांना मान्य नव्हते, त्यांच्याही वतीने तेच देवाशी बोलणार. त्या माणसांनी व्हय कसे म्हणायचे? प्रार्थनेच्या शेवटाकडे वॉरन यांनी येशूचे नाव येशुआ, ईसा, हेसूस, जीझस अशा चार रूपांत घेतले. त्याआधी दोनच दिवस, शपथविधीनिमित्त लिंकन स्मारकापाशी झालेल्या कार्यक्रमात, बिशप जीन रॉबिन्सन यांनी देवाला "आमच्या अनेक समजुतींच्या देवा" अशी हाक मारली होती. रॉबिन्सन स्वतः उघडपणे समलिंगी. एकाने नावाची रूपे वाढवली, दुसऱ्याने नावच घेतले नाही. मला दुसरी हाक जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला जागा आहे.

शपथेत ही अडचण येत नाही. तिथे कर्ता 'मी' असतो. ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची की ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करायची, हे आपल्या राज्यघटनेने ज्याचे त्याच्यावर सोडले आहे. प्रार्थना 'आम्ही' म्हणते. गोव्यात तर एकाच मांडवात देऊळवाले, चर्चवाले आणि मशीदवाले बसलेले असतात. तिथे हा 'आम्ही' फार जपून उच्चारावा लागतो.

म्हणून 'वॉरन यांनी गाऱ्हाणे घातले' असेच लिहा. त्याच शपथविधीच्या समारोपाला पाद्री जोसेफ लोवरी यांनी केलेल्या प्रार्थनेला 'आशीर्वचन' म्हणावे असे मला आधी वाटले होते. पण न्यायाने वागणाऱ्या आणि दयेवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनी आमेन म्हणावे, असे त्यांनी शेवटी सांगितले आणि समोरच्या गर्दीने ते म्हटलेही. तेव्हा तेही गाऱ्हाणेच. तिथला 'आमेन' आमेनच राहू द्या; आपल्याकडच्या वाचकाला तो कळतो.