आजीचा विषय काढला की मुलगी रडते. मग काढूच नये का?

कोथरूडच्या एक ताई हा प्रश्न घेऊन आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांची आई त्यांच्याकडेच राहायची. सहा वर्षांच्या नातीला व्हॅनमधून उतरवून घेणं, वरणभात भरवणं, वेणी घालणं, सगळं तिच्याकडे. ती जाऊन तीन महिने झाले होते. दुपारी व्हॅन आली की मुलगी विचारायची, "आजी कधी येणार?" आणि रडायची. म्हणून घरच्यांनी फोटो आत ठेवला, आजीचं नाव घेणं बंद केलं. रडणं थांबलं, पण रोज सकाळी पोट दुखू लागलं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही.

नाव घेणं बंद केल्याने मुलांचं दुःख संपत नाही. या घरात हे बोलायचं नाही, एवढंच त्यांना कळतं.

सुरुवात शब्दांपासून केली. "आजी देवाघरी गेली" असं तिला सांगितलं होतं. या वयात मरण कायमचं असतं हे अजून पक्कं उमगलेलं नसतं. कुणाच्या घरी गेलेलं माणूस परत येतंच, म्हणून ती वाट बघत होती. "झोपली" म्हटलं की मुलं झोपायला घाबरतात. नुसतं "आजारी होती" म्हटलं तर आईच्या सर्दीनेही धास्तावतात. ताईंना वाक्यं लिहूनच दिली: "आजी वारली. तिचं हृदय बंद पडलं. आता तिला भूक लागत नाही, काही दुखत नाही. ती परत येणार नाही. साध्या सर्दीतापाने असं होत नाही. तू हट्ट केलास म्हणूनही झालं नाही." शेवटचं वाक्य मुलांनी न विचारताही सांगावं. ती दोष स्वतःकडे घेतात आणि बोलत नाहीत. देवाघरची श्रद्धा सोडायची गरज नाही. ती या वाक्यांनंतर सांगावी.

आठवणींसाठी आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीला, पंधरा-वीस मिनिटं ठरवली. पहिल्या आठवड्यात वडिलांनी रात्री अंथरुणात आजीचे व्हिडिओ दाखवले आणि मुलगी बारापर्यंत झोपली नाही, म्हणून झोपेच्या तोंडावर काही नाही असं ठरलं. एका डब्यात आजीचा चष्मा, जपमाळ, वेणीची रिबीन ठेवली. एक साडी न धुता घट्ट बंद पिशवीत ठेवली, कारण वास एका धुण्यात जातो. बाकीच्या सुती साड्यांची गोधडी करायची होती, पण कात्री लावायची घाई पहिल्या काही महिन्यांत करू नये असं सुचवलं. आजीच्या फोनमधले आवाजी निरोप लगेच दोन ठिकाणी उतरवून घ्यायला लावले. न वापरलेलं प्रीपेड सिम साधारण ९० दिवसांनी बंद पडू शकतं, आणि मग त्या नंबरवरचे निरोप हाताशी राहतीलच असं नाही.

खरा गुंता ताईंचा होता. आईबद्दल बोलताना पालुपद एकच: "तिनं स्वतःसाठी कधी काही केलं नाही." आईला अशी त्यागमूर्ती करून ठेवली की लेकीच्या वाट्याला फक्त अपराधीपण उरतं आणि नातीला आजी ओळखीची वाटत नाही. म्हणून आईच्या स्वतःच्या आवडीनिवडी, हट्ट, भांडणं लिहायला सांगितली. आधी दोनच ओळी आल्या. मग वही भरली: तुळशीबागेत पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना मैत्रिणीच्या सुनेचा समाचार, मोठ्या जावेशी वर्षभराचा अबोला. नातीला अबोल्याची गोष्ट फार आवडली. ती पुन्हा पुन्हा मागते.

मुलीसमोर रडू आलं तर लपवू नये. "मला आजीची आठवण आली, थोड्या वेळाने बरं वाटेल" म्हणावं आणि मग उठून कणीक मळायला घ्यावी. स्ट्रोबे आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं तेच हे: दुःखात शिरणं आणि रोजच्या कामात परतणं, दोन्ही आलटून पालटून व्हायला हवं.

सर्वपित्रीला आजीच्या आवडीचा पदार्थ नातीने निवडला. पोटदुखी हळूहळू कमी झाली. एखाद्या सोमवारी अजून डोकावते.

सहा महिन्यांनंतरही दुःखाची धार तशीच असेल, रोजचं कामकाज अडत असेल, तर तज्ज्ञांना भेटावं. मूल "मला आजीकडे जायचंय" असं वारंवार म्हणत असेल किंवा शाळेत जाणंच बंद झालं असेल, तर इतकं थांबू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.