आधी रजेचा अर्ज, राजीनामा नको

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्यांच्या नोकरीबद्दल तीच ती पत्रं येतात आणि बहुतेकांत 'असं म्हणतात' हे असतंच. म्हणून या वेळी एवढाच विषय.

मुलीला स्किझोफ्रेनिया आहे. दीड वर्षं गोळ्यांवर ठीक आहे. पूर्ण बरी झाल्यावरच कामाला पाठवू ना?

नाही. तिला काम करायचं असेल तर थांबवू नका. अधूनमधून आवाज ऐकू येत असतानाही माणसं नीट नोकरी करतात. तीन-चार तासांपासून सुरुवात करा. किती झेपेल ते तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

बायपोलर आहे, लिथियम चालू आहे. कॉल सेंटरची रात्रपाळी घेऊ?

नको. झोप मोडली की मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, उसळू शकतो.

नवरा सरकारी कार्यालयात लिपिक, बावीस वर्षं सेवा. सहकारी जेवणात काहीतरी घालतात म्हणून डबा न उघडता परत आणतो. मागच्या आठवड्यात साहेबांवर धावून गेला. चार महिने बाहेरचं बघितलं, फरक नाही. ऑफिसातले म्हणतात, आजार कागदावर आला तर पेन्शन जाईल, आधीच राजीनामा द्या.

सही करू देऊ नका. चार महिने गेले तेवढे पुरे. उद्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जवळ कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विचारा.

आता पेन्शन. आजाराने पेन्शन जात नाही. उलट जुन्या पेन्शन नियमांत राजीनामा दिला की मागची सेवाच बाद होते! म्हणजे जे वाचवायचं म्हणून हे हितचिंतक सल्ला देतात, तेच घालवायचा हा रस्ता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं, की सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढायचं नाही, खालच्या पदावर आणायचं नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. काही आस्थापनांना सूट मिळू शकते, म्हणून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात किंवा सेवाविषयक वकिलाकडे एकदा विचारा.

खरा धोका न सांगता घरी राहण्यात आहे. विनापरवानगी गैरहजेरी लागते आणि मग विभागीय चौकशी. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून रजेचा अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. राजीनामा गेलाच असेल तर मंजुरीआधी मागे घेता येतो. त्यासाठी सोमवारची वाट बघू नका. आजाराच्या भरात माणूस कशावरही सही करतो, आणि ती सही मागणारे नेमके तेव्हाच येतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

सहकाऱ्यांना आजाराबद्दल सांगावं का?

सगळ्यांना कशाला? सवलत हवी असेल तर ती देऊ शकणाऱ्याला सांगा. 'रात्रपाळी देऊ नये' एवढ्या चिठ्ठीवर आजाराचं नाव लागतंच असं नाही. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. काय लिहायचं, ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा.

आरक्षणासाठी एजंट पंधरा हजारांत ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देतो म्हणतो.

त्याला वाटेला लावा. अर्ज ऑनलाइन करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. टक्के तिथले डॉक्टर ठरवतात. जाताना उपचारांची जुनी फाइल न्या.

नोकरी लागली. आता गोळ्या बंद करू?

नाही. सकाळी गुंगी राहत असेल तर डॉक्टरांना सांगा, वेळ किंवा डोस बदलता येतो.