स्टेंट कुठला: देशी, परदेशी की 'विरघळणारा'?

वडील ६२ वर्षांचे, मधुमेह, एलएडीत (हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत) ८५ टक्के ब्लॉक, घर राजापुरात आणि अँजिओप्लास्टी कोल्हापुरात. परदेशी स्टेंटच (रक्तवाहिनीची नळी उघडी ठेवणारी जाळी) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या धातूचा स्टेंट स्वस्त, पण आत पेशी वाढून नळी पुन्हा अरुंद होते. मधुमेह्यांत हे जास्त. औषधी स्टेंटवरचं औषध ही वाढ रोखतं, म्हणून तुमच्याकडे औषधीच.

'विरघळणारा' या शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू खपतात, इथेच लोक फसतात. एकात औषध धरून ठेवणारा लेप काही महिन्यांत विरघळतो. धातूची जाळी कायम राहते. हा चांगला स्टेंट आहे. दुसऱ्यात अख्खी जाळीच विरघळते. त्यातल्या गाजलेल्या 'अ‍ॅब्सॉर्ब'च्या जाळीच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड होत्या, गुठळ्यांचं प्रमाण जास्त निघालं आणि २०१७ मध्ये कंपनीनेच विक्री थांबवली. आजच्या धातूच्या स्टेंटच्या काड्या ६० ते ८० मायक्रॉनच्या असतात. काडी पातळ असली की तिच्यावर अस्तर लवकर चढतं.

देशी-परदेशीवर फार डोकं शिणवू नका. सुरतेत बनणारा सुप्राफ्लेक्स युरोपात झायन्स या नावाजलेल्या परदेशी स्टेंटसमोर तपासला गेला. २०१९ ची ती टॅलेंट चाचणी, आणि वर्षभरात तो कमी पडला नाही. २०१७ पासून किमतीवर सरकारी मर्यादा आहे (तेव्हा औषधी स्टेंट २९,६०० रुपये, पुढे आकडे बदलत गेले). बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते, रेशनकार्ड घेऊन आधी योजनेच्या खिडकीवर चौकशी करा.

खरा फरक बसवण्यात पडतो. मधुमेह्यांच्या नळीत चुना साठलेला असतो, स्टेंट पुरता उघडत नाही आणि गुठळीला जागा मिळते. डॉक्टरांना विचारा: आयव्हीयूएस किंवा ओसीटीने (नळीचं आतून चित्र घेणाऱ्या तपासण्या) मापणार का, बसवल्यावर कडक फुग्याने पुन्हा दाबणार का?

मग गुठळी रोखणाऱ्या गोळ्या. अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर: हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर साधारण १२ महिने, नसेल तर ६. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. म्हणून हर्निया, गुडघा असं ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल तर ते आत्ताच सांगा, स्टेंटची निवडही त्यावर ठरू शकते. अ‍ॅसिडिटीसाठी क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल नको, पँटोप्राझोल चालतं. अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅकही परस्पर नको. दात काढायचा म्हणून दंतवैद्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

अणुस्कुरा घाटात दरड आली की कोल्हापूर तुटतं आणि टिकाग्रेलॉर गावच्या मेडिकलात असेलच असं नाही. जूनआधी दोन महिन्यांचा साठा घरात हवा. लावणीच्या दिवसांत ताप आला तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, त्यात प्लेटलेट घसरतात आणि या गोळ्यांवर असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणाऱ्याला दोन्ही गोळ्यांची नावं पहिल्यांदा सांगा आणि स्टेंटच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.