सरफेस सप्लायचं डायव्हिंग हेल्मेट सुरक्षितपणे कसं वापरायचं? आत कोंडल्यासारखं होतं का?

पुढच्या महिन्यात तुमचा कमर्शियल डायव्हिंगचा कोर्स सुरू होतोय आणि घरचे म्हणतायत, ‘एवढं जाडजूड हेल्मेट असतं, मग कसली भीती?’ प्रश्नाखालचं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. सरफेस सप्लाय म्हणजे वरून होजने हवा पुरवणं. हेल्मेटमुळे डोकं कोरडं राहतं, वरच्यांशी बोलता येतं आणि काही आदळलं तर कवटी शाबूत राहते. जीव वाचतो तो त्याच्या उजव्या बाजूच्या साइड ब्लॉकमुळे. तिथे एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो (हवा उलटी जाऊ न देणारा), एक इमर्जन्सी व्हॉल्व्ह (पाठीवरच्या राखीव बाटलीची हवा आत घेणारा) आणि एक स्टेडी फ्लोचा नॉब (हेल्मेटमध्ये सलग हवा सोडणारा). हे तीन धड नसतील तर ते हेल्मेट दिवाणखान्यात शोभेला ठेवा.

आधी कोंडण्याचं सांगतो. हो, सुरुवातीला होतं. स्वतःचाच श्वास कानात घुमतो. स्टेडी फ्लो जरा उघडला की तोंडावर वारा येतो, काचेवरची वाफ जाते, बरं वाटतं. मग बंद करा. तो सतत सोडून ठेवणाऱ्याला सुपरवायझरचं बोलणं ऐकू येत नाही. नाकातोंडावरचा आतला मास्क मात्र घट्ट बसवून घ्या. तो सैल असला तर सोडलेला श्वास हेल्मेटभर पसरतो आणि तोच कार्बन डायऑक्साइड तुम्ही पुन्हा आत घेता. डोकं जड झालं, धाप लागली, की काम थांबवायचं, हेल्मेट हवेने धुऊन काढायचं आणि वर सांगायचं. दात-ओठ खात काम संपवण्याची ती जागा नाही.

आता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. रोज सकाळी पहिल्या डाइव्हच्या आधी अंबिलिकल (वरून हवेचा होज आणि बोलायची वायर आणणारी जाड दोरी) सुटी असताना स्टेडी फ्लो उघडायचा आणि जिथे होज लागतो तिथून तोंडाने हवा ओढून बघायची. जराही आली तर व्हॉल्व्ह फेल, ते हेल्मेट त्या दिवशी पाण्यात जात नाही. अर्धा मिनिटही लागत नाही. तरी कितीतरी साइटवर हे कुणी करत नाही, फक्त चेकलिस्टवर टिक मारतात.

या टिकवरूनच माझं आणि माझ्या आत्येभावाचं, दादाचं, बिनसलं. या धंद्यात मला आणलं त्यानेच, मालवणहून मुंबईला. माणूस हाताचा पक्का, पाण्याखालचं वेल्डिंग असं करतो की बघत राहावं. पण उथळ पाण्यात बेलआउट बाटली, म्हणजे ती राखीव हवेची बाटली, पाठीवर घ्यायला त्याचा ठाम नकार. जेट्टीच्या पाइल्समध्ये, म्हणजे खांबांमध्ये, अडकते म्हणे. “धा मीटरात काय मरतलंस? कित्याक व्हयी ती बाटली?” हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी सकाळी व्हॉल्व्ह ओढून बघायला लागलो की सगळ्यांसमोर म्हणायचा, “बघा, आमचा डॉक्टर इलो.”

रायगडमधल्या एका खाडीतल्या जेट्टीवर आम्ही दोघं कामाला होतो. पाइल्सची तपासणी आणि खाली जॅकेटिंग, म्हणजे त्यांना बाहेरून कवच चढवणं. कंत्राटदाराचं नाव सांगत नाही. खाडीत दिसत काहीच नाही, हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, सगळं चाचपून. त्या वेळी मी साधारण 12 मीटरवर, जेट्टीच्या कडेपासून चांगला आत, अंबिलिकल दोन पाइल्सना वळसा घालून आलेली. वर एका ट्रकवाल्याने गाडी मागे घेतली, अंबिलिकलचा पडलेला वेढा चाकाखाली आला आणि होज वरच्या पॅनेलच्या (जिथून हवा सोडतात) फिटिंगमधून उपसून निघाला.

मला खाली एवढंच कळलं की श्वास सोडता आला, पुढचा घेता येईना. तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटावी तसं. पॅनेलवर दुसरा सप्लाय होता, पण होजच सुटल्यावर पॅनेलवाला कुठला व्हॉल्व्ह फिरवणार? तेवढ्यात माझा हात इमर्जन्सी व्हॉल्व्हवर गेला होता. तो उघडला, बाटलीची हवा आली, वर सांगितलं ‘ऑन बेलआउट’. मग अंबिलिकल धरून, पाइल्सचे वळसे उलगडत, शिडीपर्यंत. वर आल्यावर दादाने हेल्मेट काढायला मदत केली आणि पहिलं वाक्य काय बोलला? “बघ, इलंस ना वर!”

आता हिशेब करू, कारण त्याच्याशी वाद घालताना हा कधी पूर्ण करू दिला नाही त्याने.

12 मीटरवर माझ्याभोवतीचा दाब 2.2 बार, आणि सुटलेल्या होजच्या वरच्या टोकाला 1 बार. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला नसता तर हेल्मेटमधली हवा त्या होजवाटे वर गेली असती. फरक 1.2 बारचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1.2 किलो. हेल्मेटचं खालचं तोंड 25 सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर क्षेत्रफळ जवळपास 490 चौरस सेंटिमीटर. माझ्या अंगाला हेल्मेटमध्ये कोंबू बघणारा जोर अर्ध्या टनाहून जास्त! तांब्याच्या जुन्या हेल्मेटच्या काळात डायव्हर असे मेले आहेत, म्हणून तर हा व्हॉल्व्ह आला. आणि ‘उथळ’ म्हणणाऱ्यांसाठी: पृष्ठभागापासून पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. पटीत बघितलं तर एवढा मोठा फरक त्यापुढच्या कुठल्याच 10 मीटरमध्ये पडत नाही.

दादाचा दुसरा मुद्दा: श्वास रोखून वर यायचं. कुठून? डोक्यावर जेट्टी, अंबिलिकल पाइल्समध्ये, मिट्ट काळोख. शिवाय 2.2 बारला भरलेली छाती रोखून पृष्ठभागावर आलात तर आतली हवा 2.2 पट फुगते. फुफ्फुस फाटतं. हे त्यालाही कोर्समध्ये शिकवलं होतं.

तिसरा मुद्दा, बाटली किती पुरणार. 10 लिटरची बाटली, 200 बार, तळाचे 20 बार सोडले तर 1800 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटर श्वास धरला तर 12 मीटरवर, 2.2 बार दाबामुळे, 88 लिटर जातात, म्हणजे 20 मिनिटं. घाबरलेला माणूस 40 वर थांबत नाही, 60 धरा, तरी 13 मिनिटं हातात. 10 मीटर आडवं अंतर परत यायला एक मिनिट हा जुना हिशेब आहे. पाइल्समध्ये मी तो दुप्पट धरतो. तरी पुरते. अडकते म्हणून काढून ठेवायची नसते, नीट बांधायची असते.

हे सगळं त्याला गेल्या गणपतीत पुन्हा सांगितलं. म्हणाला, “व्हॉल्व्ह चल्लो ना तुझो? मग बाटली कित्याक?” व्हॉल्व्हने मला हेल्मेटमध्ये शोषलं जाण्यापासून वाचवलं, हवा नाही दिली. हवा बाटलीने दिली. दादा हे वाचणार नाही, पण वहिनी वाचते. वहिनी, एवढा एक परिच्छेद त्याला मोठ्याने वाचून दाखव.

बाकीचं थोडक्यात, कोर्समध्ये शिकवतीलच. बाटलीचा व्हॉल्व्ह उघडा आणि हेल्मेटवरचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह बंद, असं पाण्यात उतरायचं. बाटलीच्या फर्स्ट स्टेजला (दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरला) जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. अंबिलिकलची ओढ हार्नेसवर यायला हवी, मानेवर नाही. नेक डॅमला (गळ्याभोवतीच्या, पाणी अडवणाऱ्या सीलला) चीर दिसली तर तो बदला, नाहीतर मान वाकवली की पाणी आत. पाणी शिरलंच तर स्टेडी फ्लो पूर्ण उघडायचा, ते एक्झॉस्टमधून निघून जातं. न्यूमोचा होज (अंबिलिकलमधली बारीक नळी) खोली मोजण्यापुरता नाही: मुख्य हवाही गेली आणि बाटलीही संपत आली, तर तो नेक डॅमखालून आत सारायचा आणि वरून हवा सोडायला सांगायची. कंप्रेसरचं तोंड वाऱ्याच्या दिशेला आहे की जनरेटरच्या धुराकडे, हे उतरायच्या आधी चालत जाऊन बघा. सर्दी असेल तर उतरू नका, हेल्मेटमधल्या नाक दाबायच्या ब्लॉकने कान सुटणार नाहीत.

धरणाच्या गेटचं काम आलं तर एकच बघा: गेट आणि पंप बंद करून कुलूप लावलंय का, आणि किल्ली तुमच्या सुपरवायझरच्या खिशात आहे का. 15 मीटर पाण्याखालच्या एक फूट बाय एक फूट भोकावर जवळपास 1.4 टन जोर असतो. तिथे हेल्मेट, बाटली, काहीच कामाला येत नाही.

मी हवेवर काम करणारा, 50 मीटरच्या आतला डायव्हर. मुंबई हायवर सॅचुरेशनमध्ये (दिवसेंदिवस दाबाखालीच) राहणाऱ्यांची बेलआउटची गणितं वेगळी, त्यांना माझे आकडे लावू नका. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल माझ्यापेक्षा मोठं, आणि साइड ब्लॉक स्वतः उघडायचं काम प्रशिक्षण झालेल्या टेक्निशियनचं. कोर्समध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून, हातमोजे घालून इमर्जन्सी व्हॉल्व्ह शोधायला लावत नसतील तर इन्स्ट्रक्टरकडे तो सराव मागून घ्या. फी भरलीय तुम्ही.