वकील झाली पण कोर्टात जात नाही, मग करते तरी काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी एलएलएम झाली, नेट झाली, आता इथेच एका कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर असिस्टंट प्रोफेसर आहे आणि सोबत पीएचडी. विषय विचारला तर म्हणते आंतरराष्ट्रीय गुंतवणूक कायदा आणि पर्यावरण. लग्नकार्यात सगळे विचारतात, वकील ना, मग प्रॅक्टिस का नाही करत, आणि मला धड उत्तर देता येत नाही. रात्री एक-एक वाजेपर्यंत प्रिंटआउट वाचत बसते. यात पुढे काही आहे का?
– एक बाबा, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला माझेच बाबा आठवले, त्यांनाही शेजारी हेच विचारायचे. आधी विषय सांगते, मग नोकरीचं बघू.

एका देशाची कंपनी दुसऱ्या देशात पैसा लावते तेव्हा बऱ्याचदा त्या दोन देशांत एक करार असतो, की तुमच्या कंपनीला आम्ही नीट वागवू, तिची मालमत्ता उगाच हिसकावणार नाही, आणि तिला अन्याय झाला असं वाटलं तर ती सरळ आमच्या सरकारवर दावा लावू शकेल, तोही आमच्या कोर्टात नाही, बहुतेक वेळा तीन पंचांसमोर. एवढाच हा कायदा. आता यात पर्यावरण कुठून आलं ते बघा.

मेक्सिकोत ग्वादालकासार नावाची जागा आहे. मेटालक्लॅड नावाच्या अमेरिकन कंपनीने तिथे घातक कचरा पुरायची जागा विकत घेतली, केंद्र सरकार म्हणालं चालेल, पण लोकांना जमिनीखालच्या पाण्याची भीती, आणि १९९५ मध्ये तिथल्या पालिकेने बांधकामाची परवानगी नाकारली. कंपनी पंचांकडे गेली आणि २००० साली निकाल आला की मेक्सिकोने जवळजवळ १ कोटी ६७ लाख डॉलर भरायचे. पुढे कॅनडातल्या कोर्टाने त्या निकालाचा काही भाग काढला, पण भरपाई काही टळली नाही.

आता पाच वर्षं पुढे या. करार तोच, नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा तेव्हाचा व्यापार करार. कॅलिफोर्नियाने पेट्रोलमध्ये मिसळायचं एमटीबीई नावाचं रसायन बंद करायचं ठरवलं कारण ते जमिनीखालच्या पाण्यात उतरत होतं. त्या रसायनाला मिथेनॉल लागतं आणि ते बनवणारी कॅनडाची मेथॅनेक्स कंपनी, तिने ९७ कोटी डॉलर मागितले. २००५ मध्ये पंच म्हणाले की लोकांच्या भल्यासाठी, भेदभाव न करता, रीतसर केलेला नियम म्हणजे मालमत्ता हिसकावणं नव्हे. कंपनीला काही मिळालं नाही, उलट अमेरिकेचा वकिलीचा खर्चही तिच्याच माथी बसला.

दोन्हीकडे जमिनीखालचं पाणी, करार एकच, आणि निकाल उलटे. का? एक कारण असं की मेक्सिकोत केंद्राने आधी कंपनीला सगळं ठीक आहे म्हणून शब्द दिला होता, कॅलिफोर्नियात असा शब्द कोणी दिला नव्हता. पण एवढ्याने सगळं सुटत नाही. मेक्सिकोतल्या तिथल्या राज्य सरकारने नंतर त्या जागेला पर्यावरणासाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं होतं, तर मेटालक्लॅडच्या पंचांनी निकालात लिहून ठेवलंय की त्यामागे हेतू काय होता हे आम्हाला बघायची गरज नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात लिहिलं, "का?". माझी पीएचडी त्या "का?" मधूनच निघाली. तुमच्या मुलीच्या प्रिंटआउटवर पण असं काहीतरी लिहिलेलं असेल, एकदा बघा.

नोकरीचं खरं सांगते. पक्क्या जागा कमी निघतात, वाट बघावी लागते, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं आहे, वर परीक्षेची ड्युटी, पेपर तपासणं, म्हणून वाचन रात्रीच होतं. चांगल्या जर्नलला लेख पाठवला तर कधी वर्षभर उत्तर येत नाही, आणि आलं की "पुन्हा लिहा" असं येतं, तेव्हा तिला दोन दिवस काही विचारू नका. पण काम मोलाचं आहे आणि आपल्याकडे ते करणारे फार थोडे आहेत. लग्नात कोणी विचारलं तर सांगा, सरकारने पाणी वाचवायला कारखाना थांबवला तर नुकसान कोणी सोसायचं हे ज्या शब्दांवर ठरतं ते शब्द ती तपासते.

प्रश्न : ताई, इथे इंदूरजवळ पीथमपूरच्या औद्योगिक भागात इतक्या परदेशी कंपन्या आहेत. उद्या प्रदूषणामुळे सरकारने एखादीला टाळं लावलं तर ती आपल्या सरकारवर परदेशात केस करू शकते का? आणि भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या वेळी असं का नाही झालं?
– एक वाचक, राऊ

उत्तर : दादा, कार्बाइडपासून सुरू करते. २ जानेवारी २०२५ ला सकाळी ते १२ कंटेनर भोपाळहून पीथमपूरला पोचले, आत कार्बाइडच्या कारखान्यातला, इथे जाळायला आणलेला ३३७ टन कचरा, ४० वर्षं पडून राहिलेला, तेव्हा मी पेपर तपासत बसले होते आणि पुढचे दोन तास एकही पेपर झाला नाही. इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागर तलावाचं काय, हेच प्रत्येक घरात चाललं होतं. जूनअखेरीस तो जाळून झाला. पण भोपाळची गॅसगळती झाली १९८४ ला आणि भारताने गुंतवणुकीचा असा पहिला करार केला १९९४ ला, ब्रिटनशी. अमेरिकेशी तर आजही नाही. आणि असता तरी त्याचा उपयोग कंपनीला झाला असता, गॅसपीडितांना नाही. पीडितांची केस न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९८६ मध्ये भारतात परत पाठवली आणि १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

आता तुमचा पहिला प्रश्न. करू शकते, पण कंपनी कोणत्या देशाची आणि त्या देशाशी आज कोणता करार लागू आहे त्यावर आहे. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी भारताविरुद्ध जिंकली, कारण काय तर आपल्या कोर्टात तिचं प्रकरण वर्षानुवर्षं अडकलं, आणि ज्या कलमावर जिंकली ते ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच, कुवेतच्या करारातलं होतं, "इतरांना दिलं ते आम्हालाही" या कलमातून तिने ते ओढून आणलं! मग आपण २०१६ ला पुढच्या करारांसाठी नवा नमुना केला, ते ओढून आणायचं कलमच काढलं, पर्यावरणाच्या नियमांना सूट ठेवली, आणि आधी किमान ५ वर्षं इथल्या कोर्टात दाद मागा असं टाकलं. जुने बरेच करार रद्द केले, पण रद्द झाले तरी आधीच्या गुंतवणुकीला त्यांचं संरक्षण बहुतेक वेळा १०-१५ वर्षं चालू राहतं, म्हणून प्रत्येक वेळी तारखा बघाव्या लागतात. २०२४ ला यूएईशी करार झाला त्यात ते ५ चे ३ वर्षं केले. मला ते पटलेलं नाही.

आणि त्या पंचांसमोर गावकऱ्याला जागा नाही हे मला सगळ्यात जास्त खुपतं. फार तर बाहेरून एक निवेदन देता येतं, ते वाचायचं की नाही हे पंच ठरवणार. सरकार मात्र कधीकधी उलट दावा करू शकतं, २०१७ मध्ये इक्वाडोरला तेल कंपनीकडून माती-पाण्याच्या नुकसानीसाठी जवळजवळ ४ कोटी डॉलर पंचांनी असेच मंजूर केले. आपल्या गावच्या पाण्यासाठी तुमचा रस्ता भोपाळच्या हरित लवादाचा, तिथे तुम्ही स्वतः अर्ज लावू शकता.

प्रश्न : मॅम, मी एलएलएमला आहे, शिक्षण हिंदी मीडियममध्ये झालं, घरी मराठी. डिझर्टेशनला "हवामान बदल आणि गुंतवणूक कायदा" घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : अगं, एवढा मोठा नको, सहा महिन्यांत बुडशील. एक कलम घे. यूएई करारातलं ते ३ वर्षांचं कलम घे, २०१६ च्या नमुन्याशेजारी ठेव, एकेक शब्द लाव. करार आणि बहुतेक निकाल फुकट मिळतात, परदेशात जायची गरज नाही. इंग्रजीला घाबरू नकोस, निकालाची भाषा ठरावीक असते, तीन निकाल डिक्शनरी घेऊन वाचलेस की चौथा आपोआप वाचला जातो, आणि अडलं तर तो परिच्छेद आधी मराठीत लिहून काढ, मी अजूनही तसंच करते. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलकडे बघूही नकोस. पहिली दहा पानं झाली की पाठव, वाचीन मी.