स्वतंत्र कार्यभार घेण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या पोलीस अकादमीतलं दीक्षान्त संचलन झालं, आता जिल्ह्यातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण. "एवढे महिने निघाले की उपविभाग मिळेल," असं तू फोनवर म्हणालीस, ते मनात राहिलं म्हणून लिहायला बसलो. हे महिने नुसते काढू नकोस. चुकलीस तर हवालदारही सांगेल, अशी वेळ नोकरीत पुन्हा येत नाही. उपविभागीय अधिकारी झालीस की तुझी चूक तशीच फाइलला लागेल, कारण वर सही साहेबांची, म्हणजे तुझीच असेल.

उपअधीक्षक या तुझ्या हुद्द्याचं तर कायद्यातच नाव आहे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला की १९९५ च्या नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात गेलं पाहिजे. मोक्काचा, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखालचा तपासही उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३(३) बघ. ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करायची, तर ठाणे प्रभारी तुझ्याकडे परवानगी मागणार आणि ती चौकशी १४ दिवसांत संपवणार. कलम ३५(७) प्रमाणे ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठी ओलांडलेल्या किंवा दुर्बल माणसाला तुझ्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. हे अधिकार त्या माणसाच्या संरक्षणासाठी दिलेत. स्वतः एकही तपास शेवटपर्यंत न नेलेला अधिकारी ती परवानगी कशाच्या आधारावर देणार किंवा नाकारणार?

परिविक्षेत असताना मी हेच टाळलं. राइटर, म्हणजे ठाण्यातला लेखनिक, पंचनामा लिहून आणायचा, अक्षर सुरेख, मी सही करायचो. पुढे साक्षीला उभा राहिलो. बचाव पक्षाच्या वकिलांनी साधं विचारलं, "खोलीचं दार आत उघडतं की बाहेर?" मला सांगता आलं नाही, कारण मी अंगणातच थांबलो होतो. आरोपी सुटला. फिर्यादी बाई कोर्टाच्या जिन्यात भेटल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. ते मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून निदान चार-पाच पंचनामे स्वतःच्या हाताने लिही. त्याच संहितेच्या कलम १०५ मुळे आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, पण मोबाइल पोरांच्या हातात देऊन मोकळी होऊ नकोस. वस्तू उचलण्याआधी ती होती तिथे दिसली पाहिजे आणि पंच त्याच चौकटीत हवेत. पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल लागलं का, लाखेचा ठसा वाचता येतो का, हे जागेवरच बघ. एक दिवस नोंदवही घेऊन मुद्देमाल कक्षात जा आणि नोंद व वस्तू जुळवून पाहा. धूळ खाल्लेलं, लेबल गळालेलं एक गाठोडं हातात आलं की खटले कुठे ढिले पडतात ते उमगेल.

परेड आणि फायरिंगबद्दल मला काही सांगायचं नाही, ते तुझं पक्कं आहे.

मात्र स्वतंत्र कार्यभार मिळण्याआधी आठवडाभर रात्रपाळीला ठाणे अंमलदाराच्या शेजारी बस. गणवेश असू दे, पण खुर्ची बाजूला घे आणि मधे बोलू नकोस. रात्री एक-दोनच्या सुमारास कुणीतरी येतं, हातात घडी घातलेला कागद असतो. "हद्द आमची नाही", "साहेब सकाळी येतील", असं ऐकलं की तो माणूस कागद खिशात घालून वळतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरची असली तरी नोंदवायचीच (यालाच शून्य क्रमांकाने नोंद म्हणतात), हे कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय आणि अंमलदारालाही ते पाठ असतं. तरी तो का वळवतो? मनुष्यबळ अपुरं आहे, की आकडा वाढला तर बैठकीत बोलणी खावी लागतील याची धास्ती? दुसरं असेल तर ती भीती वरून येते आणि उद्या ती वरची जागा तुझी असणार आहे. दारातून माणूस वळताना दिसला, तर मात्र उठून त्याला हाक मार.

पहिली रात्र झाली की फोन कर. किती जण आले आणि स्टेशन डायरीत किती नोंदी झाल्या, दोन्ही आकडे सांग.

तुझा,
काका