दिवाळी ते पाडवा

दहावीचा निकाल लागला की बीडमधल्या माझ्या मार्गदर्शनाच्या खोलीबाहेर आईबाप एकच प्रश्न घेऊन बसलेले असतात. "लेकरू नापास झालं. आता ह्याचं कसं व्हायचं?" त्यांना मी एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

2017 चा जून. आई बोलत होती, मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. इंग्रजी आणि गणित राहिलं होतं, गणितात 27. "मॅडम, ह्याच्या डोक्यातच काही राहत नाही. मुकादम म्हणतो, औंदा ह्याला अर्धा कोयता धरा." ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. पोराचा हिशोब लागून गेला होता, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घ्यायची तेवढी राहिली होती.

मामाने त्याला ऊसतोड मजुरांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वाढून अधिकारी झालेल्या मुलांचे व्हिडिओ पाठवले होते. "ते हुशार होते," एवढंच तो म्हणाला. अशा कहाण्यांत सुरुवात असते आणि शेवट असतो. खचलेल्या पोराला मधली वर्षं पाहायची असतात, ती कोणी दाखवत नाही.

मी एक पुठ्ठा घेतला, पहिली ते सातवीचे सगळे महिने त्यावर आखले आणि म्हटलं, "शाळेत होतास ते चौकोन रंगव."

पहिली-दुसरी भरली. तेव्हा आजी होती, तो तिच्याजवळ राहायचा. आजी गेली आणि तिसरीपासून दरवर्षी दिवाळी ते पाडवा कोरं. ते महिने तो सांगलीकडच्या उसाच्या फडावर असायचा, धाकट्या बहिणीला सांभाळत. मग आम्ही त्याची जुनी पुस्तकं पुढ्यात घेतली. दशांश, शेकडेवारी, क्षेत्रफळ, त्याच्या शाळेत हे सगळं दुसऱ्या सत्रात झालेलं. आठवीपर्यंत कोणाला नापास करत नव्हते, त्यामुळे तो वर सरकत राहिला आणि खालचं भगदाड कोणाला दिसलं नाही. ते दिसलं थेट बोर्डाच्या परीक्षेत.

आई पुठ्ठ्यावरून बोट फिरवत होती. "म्हंजे आमच्यामुळंच झालं की."

इथे मला फार जपून बोलावं लागलं. मुलाच्या डोक्यावरचं ओझं उचलून आईच्या डोक्यावर ठेवून काय साधणार? मी म्हटलं, "ताई, कोरडवाहू दोन एकरात घर चालत असतं तर तुम्ही गेला असता का?" ती रडली. मुलाने पहिल्यांदा मान वर केली.

मग मी त्याला विचारलं, टनाला 200 रुपये धरले तर 50 हजारांची उचल कधी फिटेल? "अडीचशे टन," तो लगेच म्हणाला. "जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर सव्वाशे दिवस. पाऊस आला, गाडी नाही आली, तर ते दिवस वेगळे." कागद नाही, पेन नाही. ज्याला गणित येत नाही म्हणून सगळे सांगत होते, तो हा मुलगा.

इथवर ऐकलं की पालकांना वाटतं, आता पोरगा पास झाला असणार. जुलैच्या फेरपरीक्षेत इंग्रजी सुटलं. गणितात 31. यात चूक माझी होती. पाच वर्षांची खोट भरायला मी त्याला जेमतेम पाच आठवडे दिले होते, आणि वर "होईल रे" म्हणून धीरही दिला होता. तीन आठवडे तो फिरकला नाही. शेवटी मीच घरी गेले आणि त्याच्यासमोर कबूल केलं की घाई मी केली. मला वाटतं, तो परत आला तो या कबुलीमुळे. मोठ्या माणसाचंही चुकतं आणि तरी ते उद्या कामाला लागतं, हे त्याने जवळून पाहिलं नव्हतं.

मुकादमाला नाही म्हणणं सोपं नव्हतं. वडिलांनी त्या वर्षी एकच कोयता धरला, उचल कमी मिळाली, घरात ओढाताण झाली. दहावी नापासांना आयटीआयचे काही ट्रेड खुले असतात. त्याला वायरमनला प्रवेश मिळाला. दिवसा आयटीआय, रात्री पाचवीचं गणिताचं पुस्तक. सोळाव्या वर्षी पाचवीचं पुस्तक उघडायची त्याला लाज वाटायची, म्हणून त्याने त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. समांतर जोडणीतला रोध काढायला अपूर्णांक लागतात हे कळलं त्या दिवशी त्याने मला मुद्दाम फोन केला. मार्चमध्ये गणितात 44 पडले.

पुढे शिकाऊ उमेदवारी झाली, तारतंत्रीचा परवाना झाला. आज तालुक्याच्या गावी त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दोन हंगाम झाले, आईवडील फडावर गेलेले नाहीत. भीती मात्र पुरती गेली नाही. परवान्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने मला तीनदा फोन केला होता. ती जायलाच हवी असा माझा आग्रहही नाही.

गेल्या ऑक्टोबरात तो न सांगता आला. बरोबर शेजाऱ्यांची पाचवीतली मुलगी, दप्तरासकट.

"मॅडम, हिचे आईबाप पुढच्या आठवड्यात गाडीत बसतायत. दशांश अपूर्णांक दुसऱ्या सत्रात असतात, मी पुस्तक बघितलंय. हिला गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहासाठी हेडमास्तरांना आपण आत्ताच फोन लावू."